उजव्या बाजूचं कव्हर

"मोडीत घाल ती गाडी," असं धाकटा भाऊ फोनवर तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा ताईने फोन ठेवला, बाह्या कोपराच्या वर सारल्या आणि रॉकेलचा डबा बाहेर काढला.

गल्लीत तिला मशीनताई म्हणत. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा तिचा धंदा. वडिलांच्या हाताखाली शिकली आणि ते गेल्यावर त्यांची औजारांची पेटी, त्यांची गिऱ्हाइकं आणि त्यांची मोटारसायकल, तिन्ही तिच्याकडे आली. कुणाचं मशीन बिघडलं की ती जायची, चाक हाताने एकदा फिरवायची, कान देऊन ऐकायची आणि सांगायची, "मशीनला काही झालेलं नाही, तुम्ही दोरा चुकीचा ओवलाय." लोकांना ते आवडायचं नाही, पण मशीन चालू व्हायचं, त्यामुळे बोलावणंही चुकायचं नाही.

गाडी तीस वर्षांची. गेलं वर्षभर ती जिन्याखाली नुसती उभी होती म्हटलं तरी चालेल, आणि उभ्या उभ्या तेल गाळत होती. खाली ठेवलेला पुठ्ठा दोन दिवसांत भिजून लगदा व्हायचा. वरच्या मजल्यावरचे मास्तर उतरताना पाय जपून टाकत आणि न चुकता म्हणत, "तेलाची विहीर लागली वाटतं तुमच्याकडे." आधी पंधरा दिवसांतून एकदा म्हणत, आता रोज म्हणत.

गाडी उभी राहिली ती आईमुळे. वर्षापूर्वी एका सकाळी ताईने बाथरूम साबणाने घासायला घेतलं, तेवढ्यात कपड्यांच्या कारखान्यातून निरोप आला की सहा मशीनं एकदम बंद पडलीत, न्यायला माणूस पाठवलाय. लादी पुसायची राहिली. पेटी उचलून ती त्या माणसाबरोबर गेली. दुपारी भावाचा फोन आला. आई बाथरूममध्ये घसरून पडली, उजवा खुबा मोडला, दवाखान्यात आणलंय. तो त्या दिवशी सहज डोकावला होता म्हणून बरं, नाहीतर म्हातारी संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहिली असती, असं जो तो म्हणाला. मावशीने तर दवाखान्याच्या व्हरांड्यात चार माणसांसमोर सुनावलं, "जगाची मशीनं दुरुस्त करायला हिला वेळ आहे, घरातली लादी पुसायला नाही."

ताईने खाली मान घालून ऐकून घेतलं. तेव्हापासून ती बाथरूमची लादी दिवसातून तीनदा कोरड्या फडक्याने पुसायची. अंथरुणाला पाठ टेकल्यावरही एकदा उठून हाताने चाचपून यायची. लांबची कामं तिने सोडून दिली. आईला उठवणं, बसवणं, वॉकर धरून चालवणं, तिची चिडचिड ऐकणं, हे सगळं तिने एक शब्द न बोलता केलं. शिक्षा भोगणाऱ्या माणसाला तक्रारीचा हक्क नसतो, असं तिला वाटायचं.

आता आई वॉकरने घरभर फिरायला लागली होती आणि ताईला परत कामाला लागायचं होतं. त्यासाठी गाडी हवी होती. म्हणून हा रविवार.

इंजिनवर तेलामातीचा असा थर बसला होता की गळती कुठून आहे हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. ताईने ब्रश रॉकेलमध्ये बुडवून बुडवून इंजिन घासलं, पुसलं, उन्हात सुकू दिलं. मग घरात जाऊन आईच्या अंगाला लावायच्या पावडरचा डबा घेऊन आली.

आईची खुर्ची खिडकीशीच असायची. "माझी पावडर कशाला?" तिने आतून विचारलं.

"इंजिनाला घाम येतोय."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही. पावडर मारून गाडी चालू करायची. जिथे भिजेल तिथे गळती."

तिने सगळं इंजिन पांढरं करून टाकलं, किक मारली आणि दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवली. तेलाने आपलं बिंग आपणच फोडलं. वरच्या कव्हरपाशी थोडा ओलसरपणा होता, तो किरकोळ. किकचा दांडा बाहेर येतो तिथलं रबरी सील कडक होऊन गेलं होतं, तेही एका तासाचं काम. पण उजव्या बाजूच्या मोठ्या कव्हरच्या खालून पावडर सरळ वाहून गेली होती आणि थेंबामागून थेंब पडत होते.

तेल परातीत काढून तिने ते कव्हर सोडायला घेतलं, आणि पहिल्याच बोल्टला तिचं डोकं तापायला लागलं. आठ बोल्टांपैकी तीन वेगळ्याच लांबीचे, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचे. एकाचं डोकं पान्याने घासून गोल केलेलं. एक फिरवला तर आतले आटेच बरोबर घेऊन आला. कव्हरच्या कडेने लाल चिकटा असा ओसंडला होता, जणू कुणी लहान मुलाने केकवर साखर थापावी. मध्ये बसवायचं कागदी गॅस्केट नावाला नव्हतं. नुसता चिकटा.

कव्हर निघालं. ते उलटं करून तिने आतून पुसलं तेव्हा करड्या लांबीचा, भेगा बुजवतात त्या लुकणाचा, बोटभर पट्टा दिसला. टोकरून पाहिला. खाली चीर होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिने कव्हर सुलटं केलं. बाहेरून चंदेरी रंग मारलेला होता. ब्लेडने रंग खरवडला, तर खाली ओरखडे. खोल, आणि सगळे पुढून मागे, एकाच दिशेचे. ती उठली आणि तिने उजवीकडचा पाय ठेवायचा दांडा चाचपला. वाकलेला सरळ केल्याची खूण होती. किकही ठोकून सरळ केलेली.

उभी गाडी कलंडली तर असे ओरखडे येत नाहीत. गाडी चालती असताना उजव्या अंगावर पडली होती आणि रस्त्यावर घासत गेली होती.

तिला आठवलं, आई दवाखान्यात असताना भावाने ये-जा करायला म्हणून गाडी नेल्याचं सांगितलं होतं. दोन दिवसांनी परत आणली ती धुऊन, पुसून, चकचकीत करून. तेव्हा तिला बिचाऱ्याचं कौतुक वाटलं होतं. बाबांची गाडी पाडली, मोडली, लांबी थापून रंग मारून दिली, आणि वर्षभर तोंडातून चकार शब्द नाही. वर आज सांगतो, मोडीत घाल.

"काय गं, काय झालं?" आईने खिडकीतून विचारलं.

"काही नाही. तुझ्या लेकाचे पराक्रम बघतेय." तिने कव्हर वर्तमानपत्रात गुंडाळलं, काखेत मारलं आणि चालायला लागली.

हे हस्तकौशल्य कुणाचं हे विचारावं लागलं नाही. दोन गल्ल्या सोडून एक मेकॅनिक होता, त्याला सगळे डिंक्या म्हणत, कारण तो पान्यापेक्षा चिकट्याची ट्यूब जास्त वापरायचा. भाऊ शाळेत असल्यापासून त्याचा मित्र. डिंक्या एका स्कूटरसमोर पाटावर बसला होता. ताईने वर्तमानपत्र उलगडून कव्हर त्याच्यापुढे आपटलं.

"हे तू केलंस?"

डिंक्याने कव्हर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, हात पुसले. "ताई, आधी बसा."

"बसायला आले नाही मी. चिरलेल्या कव्हरला लांबी लावतात? हे बोल्ट कुठल्या गाडीचे? कामाची अशी वाट लावायची तर दुकानावर पाटी कशाला लावलीस?"

"मी तुमच्या भावाला सांगितलं होतं, कव्हर बदलू. चार दिवस लागतील, पण बदलू. तो ऐकेना. म्हणाला, ताईला कळायच्या आत गाडी जागेवर गेली पाहिजे. त्याची अवस्था बघून मी तरी काय बोलणार? इथे, या पाटावर बसून रडत होता माणूस." डिंक्या आवाज खाली आणून म्हणाला, "आई मागे बसलेली असताना आपल्या हातून गाडी पडावी, म्हणजे कसं वाटत असेल. जाऊ द्या, त्या वाचल्या हे नशीब. आता कशा आहेत? चालतात ना?"

"आई मागे बसलेली?" ताईने विचारलं.

डिंक्याच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. "तुम्हाला ठाऊक असेल असं मला वाटलं," तो म्हणाला. "वर्ष झालं की."

"कुठे पडली?"

"तलावाच्या वळणावर. खडी होती रस्त्यावर." मग घाईघाईने, "फार वेगात नव्हता तो, ताई. खरंच."

तिने कव्हर उचललं. वर्तमानपत्र तिथेच राहिलं. घरी येईपर्यंत तिच्या हाताला, कोपराला, कपड्याला सगळीकडे काळं तेल लागलं होतं आणि ते तिला कळलंही नव्हतं. चालताना ती मनात मोजत होती. दिवसातून तीनदा. महिन्याचे नव्वद. वर्षाचे हजाराच्या वर. हजार वेळा तिने ओणवं होऊन ती लादी पुसली होती, आणि त्यातल्या निम्म्या वेळा तरी आई दारातून बघत होती.

आई खुर्चीतच होती. ताईने ते कव्हर तिच्या समोरच्या टीपॉयवर ठेवलं. तेलाचा ओघळ पसरला. एरवी आई ओरडली असती.

"तलावाच्या वळणावर खडी होती म्हणे," ताई म्हणाली.

आईने कव्हराकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"म्हणजे खरं आहे."

"त्याला बोल लावू नकोस. मीच म्हटलं होतं त्याला, जरा फिरवून आण. तलाव भरलाय म्हणत होते सगळे. तो नकोच म्हणत होता."

"आणि बाथरूम?"

"तेही मीच सांगितलं. त्याचं डोकं चालत नव्हतं. मी म्हटलं, ताई विचारेल तर बाथरूममध्ये पडले म्हणून सांग. तिला कळलं तर ती जन्मभर तुझं तोंड बघणार नाही."

"बाथरूमच का? जिना होता, उंबरा होता, फाटक होतं. मी साबण टाकून गेले होते ते तुला माहीत होतं."

"तेव्हा ते डोक्यात नव्हतं, पोरी. खुबा मोडलेल्या माणसाला काय सुचतं? तोंडात आलं ते बोलले."

"तेव्हा नव्हतं. नंतर? मावशी बोलली तेव्हा तू पलंगावर जागी होतीस. दार उघडं होतं." ताईचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि आईला त्याचीच भीती वाटत असावी, कारण तिने वॉकरची मूठ घट्ट धरली. "मी रोज तुझ्यासमोर फडकं घेऊन वाकत होते. एकदा म्हणायचंस, राहू दे."

"म्हणत होते की. किती वेळा म्हटलं, कोरडी आहे, राहू दे."

"कोरडी आहे म्हणालीस. तुझा दोष नाही असं नाही म्हणालीस."

आईने पदराने डोळे पुसले, पण रडू लागली असंही नाही. मग एकाएकी तीही तापली. "तू कधी बसवलंस का मला त्या गाडीवर? तुझे बाबा होते तेव्हा मी रोज बसायची. ते गेले आणि मी काचेचं भांडं झाले. आई, हे करू नकोस, आई, तिथे जाऊ नकोस. सात वर्षं मी या खिडकीत बसून तुला गाडीवरून जाताना बघितलं. एक दिवस मला वाटलं जावंसं, गेले. पडले. माझं हाड मोडलं, तुझं नाही."

"माझं काय मोडलं ते तू विचारूच नकोस," ताई म्हणाली. तिने फोन उचलला आणि भावाला दोन शब्द सांगितले, "ये. आत्ता."

त्याला डिंक्याचा फोन आधीच गेला असावा, कारण तो तासाभराच्या आत आला आणि दारातच उभा राहिला. चाळिशीचा माणूस, औषधांच्या दुकानात वीस वर्षं काम करणारा, दोन मुलींचा बाप, आणि हातात पिशवीभर संत्री घेऊन शाळेतल्या पोरासारखा उभा.

"ताई, मी सांगणारच होतो."

"कधी? आई गेल्यावर, का मी गेल्यावर?"

"दर वेळी ठरवून यायचो. तुला बघितलं की धीर व्हायचा नाही."

"मला लादी पुसताना बघितलं की?"

त्याने मान खाली घातली. ताईने त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली, बाजूला ठेवली आणि त्याला जिन्याखाली घेऊन गेली. इंजिनच्या ज्या कडेला कव्हर बसतं, तिथे लाल चिकटा अजून तसाच होता. तिने त्याच्या हातात पितळेची पट्टी दिली.

"हे सगळं खरवडून काढ. ॲल्युमिनियमला ओरखडा उमटता कामा नये. आत कण पडता कामा नये. ते फडकं तिथे कोंब आधी."

"हे मला येत नाही गं."

"थापायला आलं ना? मग काढायलाही येईल."

तो मांडी घालून बसला. बसला तो दोन तास. नखात चिकटा गेला, पाठ धरली, शर्टाची वाट लागली. ताई पायरीवर बसून बघत होती. एक कण राहिला तरी बोट दाखवायची. मास्तर जिना उतरत होते. ते काहीतरी बोलणार होते, पण दोघांचे चेहरे बघून तसेच वर गेले.

कडा स्वच्छ झाली तेव्हा ती म्हणाली, "आता मावशीला फोन लाव. आईसमोर. स्पीकरवर."

"ताई, तिला कशाला? साऱ्या गावभर करेल ती."

"माझ्याबद्दल केलंच ना गावभर. आता हेही कर म्हणावं."

आईच्या खुर्चीपाशी उभं राहून त्याने फोन लावला. आधी अडखळला, मग सगळं बोलून गेला. तलाव, खडी, खोटं बोलणं, ताईचा काही दोष नसणं. पलीकडे मावशी थोडा वेळ गप्प होती. तिच्या आयुष्यात ही गोष्ट क्वचितच घडली असेल.

"असं होय," ती शेवटी म्हणाली. "पण काही म्हण, लादी ओली ठेवून जाणं चांगलं नाहीच."

ताईने फोन त्याच्या हातून घेतला. "मावशी, तुम्ही व्हरांड्यात चार माणसांसमोर बोलला होतात. ती चार माणसं मला ठाऊक आहेत. आठवडाभरात त्या चौघांनाही हे तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे. नाही कळलं तर मी येईन तुमच्याकडे, आणि तुमच्या मशीनला यापुढे हात लावणार नाही." आणि तिने फोन बंद केला.

भाऊ हळूच म्हणाला, "मी काय करू आता? सांगशील ते करतो."

"दर रविवारी सकाळी यायचं. आईला उठवणं, अंघोळ, व्यायाम, जेवण, सगळं तुझं. मी घरात नसेन. बायकोला पाठवायचं नाही, स्वतः यायचं."

"येईन."

"आणि बाबांच्या गाडीला यापुढे बोट लावायचं नाही."

तो गेल्यावर ताईने टीपॉयवरचा तेलाचा ओघळ पुसला.

कव्हर मिळायला नऊ दिवस लागले. जुन्या गाड्या तोडणाऱ्या एकाकडे त्याच जातीचं इंजिन निघालं. ताईने ते कव्हर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केलं. गॅस्केटचा कागद कडेवर धरला, हातोडीच्या गोल डोक्याने अलगद टकटक करत कडेचा आकार कागदावर उमटवला आणि कात्रीने कापला. गेलेले आटे नव्याने पाडून घेतले. किकच्या दांड्याला नवं सील घातलं, वरच्या कव्हरचं गॅस्केट बदललं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले, कारण एकाच बाजूने आवळलं की कव्हर वाकतं. नवं तेल भरलं. पावडर मारली. अर्धा तास गाडी चालू ठेवली. पावडर जशीच्या तशी पांढरी राहिली.

काम चोख झालं होतं. एरवी असं काम झालं की ती दिवसभर गुणगुणायची. त्या दिवशी तिने हात धुतले आणि आईचं ताट वाढलं, बस.

भाऊ शब्दाला जागला. दर रविवारी साडेआठला यायचा. तो आला की ताई किल्ली घेऊन निघायची, आणि कुठे जाते हे कुणाला सांगायची नाही. आईशी ती कामापुरतं बोलायची. गोळी घेतलीस का. पाणी गरम आहे. उठ. असे दोन महिने गेले. आईने एकदोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, पण ताई खोलीतून निघून जायची. रागाने तिला झोप लागत नसे, आणि राग कुणावर जास्त, भावावर, आईवर की हजार वेळा वाकणाऱ्या स्वतःवर, हे तिला ठरवता येत नव्हतं.

मग एका दुपारी चहा उतू गेला. गॅसपाशी आई उभी होती. आपला चहा आपण करायचा असं तिने त्या दिवशी मनात घेतलं होतं. ओट्यावर सगळीकडे चहा, बर्नर विझलेला. ताई बाहेरून आली, बघितलं, आणि तिचा बांध फुटला. ती चहावरून सुरू झाली आणि कुठच्या कुठे गेली. खोटं, मावशी, व्हरांडा, फडकं, सोडलेली कामं, अर्ध्या रात्रीतून उठून चाचपलेली लादी. पंधरा मिनिटं ती थांबली नाही. वरच्या मजल्यावर मास्तरांनी रेडिओ बंद केला, ऐकायला म्हणूनच असेल.

आईने मध्ये एक शब्द टाकला नाही. वॉकरला धरून उभी राहिली, पाय थरथरायला लागले तशी स्टुलावर टेकली, आणि शेवटपर्यंत लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"झालं?" तिने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. तिने ओट्यावरचा चहा फडक्याने टिपला, नवं आधण ठेवलं, दुसरं स्टूल ओढून आईसमोर बसली आणि राहिलेलं सांगायला लागली.